घरातली वाइन चोरीला गेली, आणि सेलरट्रॅकरची यादी कामाला आली

सेलरट्रॅकर मी बरीच वर्षं वापरतेय पण त्याच्यावर कधी लिहावंसं वाटलं नव्हतं, बाटल्यांची यादी ठेवणारं अॅप, त्यात लिहिण्यासारखं काय असणार. आता लिहितेय कारण आमच्या घरी चोरी झाली, वाइनचं कपाट जवळजवळ रिकामं केलं त्या लोकांनी, आणि त्यानंतर जे काही सुरू झालं, पोलीस, इन्शुरन्स, अलार्मवाले, त्या सगळ्यात पहिल्या दिवसापासून माझ्या बाजूनं उभं राहिलेलं एकच काही होतं आणि ते म्हणजे ही यादी. ज्यांनी घरी थोड्याफार चांगल्या बाटल्या जपून ठेवल्यात त्यांनी कृपया शेवटपर्यंत वाचा, इथं कॅलिफोर्नियाच्या बे एरियात आपले बरेच लोक आहेत ज्यांचं असं एखादं कपाट आहे.

आधी अॅपबद्दल थोडं. एरिक लवाइन नावाच्या माणसानं मायक्रोसॉफ्टमध्ये असताना २००३ मध्ये स्वतःच्या वाइनची नोंद ठेवायला हे बनवलं, मग मित्रांना दिलं, मग सगळ्यांसाठी खुलं केलं. विविनो आपल्याकडं जास्त लोकांना माहिती आहे, दुकानात उभं राहून लेबलचा फोटो काढायचा आणि रेटिंग बघायचं, त्या कामाला ते झकास आहे. पण विविनो आहे विकत घेताना बघायला. विकत घेतलेली बाटली पुढची दहा-पंधरा वर्षं कुठं आहे, कितीला घेतली, कधी उघडायची, हे सांभाळायला सेलरट्रॅकर. प्रत्येक बाटलीला साल (द्राक्षं ज्या वर्षीची ते), वायनरी, द्राक्षाची जात, बाटलीचा आकार, कुठून घेतली, कोणत्या तारखेला, किती डॉलर, घरात कुठल्या कपाटात कुठल्या खणात, सगळं भरता येतं, आणि हवं तर प्रत्येक बाटलीसाठी वेगळा बारकोड छापून लावता येतो. दिसायला एकदम साधं, रकाने आणि तक्ते, ज्याला स्प्रेडशीट बघून कंटाळा येतो त्याला सुरुवातीला जड जाईल. मला आवडतं ते. उगाच चकचकाट नाही.

आमच्याकडं काय होतं ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी निफाडकडची, घरची द्राक्षबाग, थॉमसन आणि सोनाका, म्हणजे खायची द्राक्षं, वाइनचा आमच्या घरी लांबलांबपर्यंत संबंध नव्हता. २००० साली सुलाची पहिली वाइन आली तेव्हा अख्ख्या नाशिक जिल्ह्यात चर्चा, की ओरॅकलची नोकरी सोडून कॅलिफोर्नियातून आलेल्या राजीव सामंत यांनी खायच्या द्राक्षांच्या मुलखात वाइनची द्राक्षं लावलीत, आणि त्यांना सल्ला द्यायला सोनोमाचा केरी डॅमस्की येतो. मग मी शिकायला इकडं आले, नोकरी लागली, कूपरटिनोला राहिलो, आणि कळलं की घराच्या खिडकीतून जो डोंगर दिसतो त्याच्याच माथ्यावर अडीच हजार फुटांच्या आसपास रिज वायनरीचा मोंटे बेलोचा मळा आहे. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, १९७६ मध्ये पॅरिसला जी आंधळी, म्हणजे लेबल झाकून, टेस्टिंग झाली, ज्यात कॅलिफोर्नियाच्या वाइननी फ्रेंचांना हरवलं, त्यात रेडमध्ये स्टॅग्स लीप पहिली आली आणि व्हाइटमध्ये शातो मोंटेलेना, मोंटे बेलोचं १९७१ पाचवं आलं होतं. तीस वर्षांनी २००६ मध्ये त्याच जुन्या रेड बाटल्या परत चाखल्या तर तेच १९७१ मोंटे बेलो पहिलं! तीस वर्षं थांबलं आणि पहिलं आलं. हे ऐकल्यावर माझं डोकं फिरलं. शेतकऱ्याच्या पोरीला सांभाळून ठेवण्याची किंमत कळते, आम्ही दरवर्षी थोड्या थोड्या बाटल्या घेऊन ठेवायला लागलो, मुलीच्या जन्मसालाच्या वेगळ्या, लग्नाच्या सालाच्या वेगळ्या.

कपाटात मोंटे बेलोची वेगवेगळी सालं होती, मोंटेलेनाच्या कॅबर्ने द्राक्षाच्या रेड, साराटोगाच्या माउंट ईडन वायनरीच्या काही, थोड्या फ्रान्सच्या बोर्दोच्या. आणि एक खण पूर्ण आपल्याकडचा. सुलाचं रासा शिराझ, अकलूजच्या फ्रातेल्लीचं सेत्ते, ग्रोव्हरचं ला रिझर्व्ह. ड्युटी न भरता माणशी एकच लिटर आणता येतं म्हणून भारतातून कुणीही येणार असलं की एक बाटली घेऊन ये म्हणून गळ घालायची, आत्या, मावशी, नवऱ्याचे काका, सगळ्यांनी आणल्यात. आणि त्या खणाच्या अगदी मागं नारायणगावच्या इंडाजची ओमर खय्याम, अण्णांना ऐंशीच्या दशकात त्यांच्या एका साहेबांनी दिलेली, अण्णांनी आयुष्यभर दारूला हात लावला नाही म्हणून ती तशीच पेटीत राहिली आणि मी वाइन गोळा करते कळल्यावर त्यांनी ती स्वतः धोतरात गुंडाळून इकडं आणली. प्यायच्या लायकीची राहिली नव्हती हे मला माहिती होतं. उन्हाळ्यात निफाडच्या पत्र्याखाली इतकी वर्षं राहिलेली शॅम्पेनसारखी वाइन, ती काय टिकणार. पण भारतानं फसफसणारी वाइन बनवून परदेशात पाठवली त्याची ती बाटली होती, कंपनी नंतर बंद पडली, आता ती कुठं मिळणार.

चोरी झाली तेव्हा आम्ही पुण्यात भाच्याच्या लग्नाला होतो. त्यांना सोनं हवं होतं, इथं भारतीय घरं त्यासाठीच फोडतात हे सगळ्यांना माहितीये, सोनं बँकेत होतं ते मिळालं नाही. मग गॅरेजला लागून जे थंड कपाट केलं होतं ते उघडलं आणि आमच्याच बॅगा घेऊन त्यात भरून नेलं. शेजाऱ्यांनी मागचं दार उघडं बघून फोन केला. अलार्म होता, दर महिन्याला पैसे भरत होतो, कंपनीचं नाव लिहीत नाही, पण त्या रात्री तो वाजला नाही आणि नंतर आम्हाला जे उत्तर दिलं ते उत्तर म्हणण्यासारखंही नव्हतं.

आता अॅपचा खरा उपयोग. मी बारकोडची छोटी कार्डं छापून बाटल्यांच्या गळ्यात अडकवली होती, म्हणजे बाटली आडवी ठेवली तरी न ओढता दिसते. चोरांनी ती कार्डं ओढून काढली आणि तिथंच जमिनीवर टाकली. घरी आल्यावर मी आणि नवऱ्यानं ती गोळा केली आणि फोननं एकेक स्कॅन केली, आणि कुठल्या नेमक्या बाटल्या गेल्या आणि कुठल्या कोपऱ्यात राहिल्या हे त्याच संध्याकाळी कळलं. ज्यांना कार्डं नव्हती त्या उरलेल्या बाटल्या मोजून यादीतून वजा केल्या. पोलीस रिपोर्टला जोडायला एक्सेलची फाईल एक्सपोर्ट केली, त्यात नाव, साल, घेतल्याची तारीख, दुकान, किंमत. ज्या अधिकाऱ्याकडं केस होती ते म्हणाले की बहुतेक लोक येतात आणि सांगतात महागाची वाइन होती, खूप होती, याच्यापुढं त्यांना काही सांगता येत नाही. माझ्याकडं दीडशेच्या आसपास ओळींचा तक्ता होता. आमच्याकडं गावाला सातबाऱ्यावर नाव नसलेली जमीन तुम्ही कितीही पिढ्या कसली तरी कचेरीत तुमची नसते, तसंच आहे हे, जी बाटली कुठंच लिहिलेली नाही ती चोरी झाली हेसुद्धा सिद्ध करता येत नाही.

पण इथंच अॅपची हद्द पण कळते आणि ती नीट सांगायला पाहिजे. यादी सांगते की तुमच्याकडं अमुक सालचं मोंटे बेलो होतं. उद्या कुठं तेच सालचं मोंटे बेलो सापडलं तर ते तुमचंच होतं हे ती सांगू शकत नाही, कारण एका सालच्या सगळ्या बाटल्या सारख्या. कार्ड गळ्यातून काढलं की संपलं. काही मोजक्या वायनरी बाटलीवर नंबर छापतात, फ्रान्समधल्या बर्गंडीच्या रोमाने-कोंती या वाइनवर असतो, आणि २०१४ च्या ख्रिसमसला इथं नापाच्या यॉन्टव्हिलमधल्या फ्रेंच लाँड्री रेस्टॉरंटमधून ७६ बाटल्या, जवळजवळ ३ लाख डॉलरच्या, चोरीला गेल्या तेव्हा तपास करणाऱ्यांच्या हातात ते नंबर होते, काही आठवड्यांत बहुतेक बाटल्या थेट नॉर्थ कॅरोलायनात ग्रीन्सबरोला सापडल्या. उलट स्पेनच्या कासेरेस शहरातलं आत्रिओ हे हॉटेल-रेस्टॉरंट, तिथून २०२१ मध्ये ४५ बाटल्या गेल्या, त्यात १८०६ सालचं शातो दिकेम, चोर जोडपं पुढच्या वर्षी पकडलं गेलं, शिक्षाही झाली, पण बाटल्या नाही मिळाल्या. आमच्याही नाही मिळाल्यात अजून. म्हणून नंबर असेल तर तो नोटमध्ये लिहा, आणि नसेल तर त्या बाटलीवर काय खूण आहे ते फोटोसकट ठेवा, लेबलचा फाटलेला कोपरा, वाइनचा ओघळ, आयात करणाऱ्याची पट्टी तिरकी लागलेली, गळ्यापर्यंत वाइनची पातळी किती आहे. ओमर खय्यामच्या लेबलवर अण्णांच्या अक्षरात निळ्या शाईनं तारीख होती, त्याचा फोटो माझ्याकडं आहे आणि तो पोलिसांकडंही आहे. ती बाटली कुठंही दिसली तरी ओळखू येईल, आणि विकणाऱ्याला तिचे पाच डॉलर पण मिळणार नाहीत हे माहिती असल्यामुळं मला वाटतं त्यांनी ती फेकून दिली असणार. हे लिहिताना पण पोटात तुटतं.

आणखी एक, ज्याचा मी आधी विचार केला नव्हता. समजा बाटल्या मिळाल्या तरी पुढं काय? आमच्या कपाटात तेरा डिग्री होतं, अंधार, हलवाहलवी नाही. चोरांनी त्या बॅगेत भरून गाडीच्या डिकीत टाकल्या, कॅलिफोर्नियाच्या उन्हात. तापलेल्या गाडीत काही तास राहिली की वाइन शिजल्यासारखी होते, बूच सरकतं, बाहेरून कळतही नाही. वीस वर्षं जपलेली बाटली एका दुपारी जाते.

आता इन्शुरन्स, इथं सगळ्यात जास्त वेळ गेला. कंपनीचं नाव लिहीत नाही. घराच्या पॉलिसीत घरातलं सामान असतं, वाइन त्यातच धरली जाते, पण मौल्यवान कलेक्शनसाठी वेगळी पॉलिसी किंवा जोडपत्र घ्यावं लागतं ज्यात बाटल्यांची यादी आणि ठरलेली किंमत असते. आमच्याकडं ते होतं, कारण नवऱ्याच्या ऑफिसमधल्या एका माणसानं आग्रह केला होता, आणि त्यासाठीसुद्धा यादी सेलरट्रॅकरमधूनच काढून दिली होती. तरीही क्लेमच्या वेळी अॅडजस्टरनं, म्हणजे क्लेम तपासणाऱ्या माणसानं, पहिला आकडा सांगितला तो आम्ही बाटली घेतली त्या वेळच्या किमतीचा. आता मोंटे बेलो तुम्ही बाजारात यायच्या आधी बुकिंग करून घेतलं असेल तर ते स्वस्त पडतं, आणि तेच आज त्याच सालचं घ्यायला गेलात तर केवढ्याला पडेल. आमच्या पॉलिसीत आजच्या बाजारभावानं भरपाई असं लिहिलेलं, मग आम्ही सेलरट्रॅकरमधली बाजारभावाची किंमत आणि वाइन-सर्चर या वाइनचे भाव दाखवणाऱ्या वेबसाइटवरचे भाव असे शेजारी शेजारी रकाने करून पाठवले. सेलरट्रॅकरचा भाव हा लिलावातल्या आणि सभासदांनी भरलेल्या किमतींवरून आलेला असतो, तो एकटा पुरत नाही हे त्यानं बरोबर सांगितलं, पण दोन ठिकाणचे आकडे जुळले की वाद कमी होतो.

मुळात एवढी वाइन खरंच होती का हा प्रश्न त्यानं विचारला तेव्हा मला राग आला होता, पण त्याच्या जागी बसून बघितलं तर रास्त आहे. अॅपमध्ये मी स्वतःच नोंद केलेली, ती काही पावती नाही. पण नोंदीत दुकान आणि तारीख असल्यामुळं जुन्या मेलमधून पावत्या आणि कार्डाची स्टेटमेंटं काढता आली, ते नसतं तर मी कुठल्या वर्षी कुठं शोधणार होते. आणि पावत्यांइतकंच कामाला आलं ते म्हणजे प्यायलेल्या बाटल्यांच्या नोंदी. कुठली बाटली कुठल्या दिवाळीला उघडली, कुणाबरोबर, कुठली बूच सडल्यामुळं खराब निघाली, कुठली अजून पाच वर्षं ठेवायला हवी होती, हे सगळं वर्षानुवर्षं लिहिलेलं, इतकं कुणी एका रात्रीत रचत नाही. अॅडजस्टरनं ते वाचलं आणि त्यानंतर त्याचं बोलणं बदललं. शेवटी मोठा भाग मिळाला. पूर्ण नाही, आपल्याकडच्या खणाचं तर जवळजवळ काहीच नाही, कारण सेत्ते किंवा रासाच्या जुन्या सालांना इथं बाजारभावच नाही, आणि ओमर खय्यामसमोर शून्य. सेलरट्रॅकरमध्ये एखादी वाइन सापडली नाही तर ती आपण स्वतः भरू शकतो, तशी मी काही भारतीय वाइन भरल्यात, पण नोंद असणं आणि भाव असणं वेगळं. या एका ठिकाणी कुठलंच अॅप मदत करू शकत नाही.

टॅक्सचं बरेच जण विचारतात म्हणून सांगते, २०१८ पासून घरातल्या चोरीचं नुकसान फेडरल टॅक्समध्ये वजा करता येत नाही, सरकारनं जाहीर केलेल्या आपत्तीत झालं असेल तरच. म्हणजे इन्शुरन्स हाच एक रस्ता उरतो.

प्रायव्हसीकडं जरूर लक्ष द्या. पोलिसांनी मला विचारलेल्या पहिल्या प्रश्नांपैकी एक हा होता की ही यादी आणखी कुणाला दिसते. सेलरट्रॅकर म्हणजे एक मोठी चावडीच आहे, लोक एकमेकांनी वाइन चाखून लिहिलेल्या नोटा वाचतात, त्याच्यातच त्याची मजा आहे, एखादं साल उघडावं का थांबावं हे मी कायम अनोळखी लोकांच्या नोटा वाचूनच ठरवलंय. पण तुमचं कपाट कुणाला दिसावं याचं सेटिंग तिथं आहे, माझं आधीपासून बंद होतं आणि नावही खरं नव्हतं, त्यामुळं त्या प्रश्नाला मला शांतपणे उत्तर देता आलं. टेस्टिंगची नोट खुशाल सगळ्यांना दाखवा, किती बाटल्या घरात आहेत ते कुणाला दाखवायची गरज नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवर कपाटाचे फोटो टाकणाऱ्या आपल्या मंडळींनाही हेच सांगेन, आणि भारतात जातोय ही पोस्ट तर परत आल्यावर टाका.

नातेवाईक म्हणाले, घरी ठेवायचीच कशाला, भाड्याच्या गोदामात ठेव. चांगली गोदामं आहेत, मी पण आता काही बाटल्या तिकडं ठेवायचा विचार करतेय. पण तिथंही यादी तुमची तुमच्याकडं पाहिजे. इथल्याच, कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहोला २००५ मध्ये वाइनचं मोठं गोदाम जळालं, ४५ लाख बाटल्या, आणि आग लावणारा कोण तर स्वतः वाइन साठवायचा धंदा करणारा माणूस, ज्याच्यावर गिऱ्हाइकांची वाइन परस्पर विकल्याचे आरोप होते, त्याला २०१२ मध्ये २७ वर्षांची शिक्षा झाली. तिथं ठेवणाऱ्यांमध्ये छोट्या छोट्या वायनरी होत्या ज्यांची जुनी सालं सगळी तिथंच होती.

कसं वापरायचं ते थोडक्यात. सगळं कपाट एका शनिवारी भरायला बसू नका, वैताग येतो आणि सोडून दिलं जातं, त्यापेक्षा आज जी पेटी आली ती आजच भरा आणि जुन्यातल्या महागाच्या आधी भरा. पावतीचा फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, नावात साल आणि वायनरी. किंमत टॅक्ससकट लिहा. उघडली की लगेच यादीतून काढा, कारण ज्या यादीत प्यायलेल्या बाटल्या पण अजून आहेत ती यादी इन्शुरन्सवाला एका मिनिटात बाजूला ठेवेल. चोरीच्या बाटल्या मी पुसून टाकल्या नाहीत, काढून टाकताना प्रत्येकीला केस नंबरची नोट जोडली, म्हणजे इतिहास राहतो. आणि दर काही महिन्यांनी एक्सपोर्टची फाईल काढून घराबाहेर कुठंतरी ठेवा, मी दादाला नाशिकला मेल करते, त्याला वाइनमधलं काही कळत नाही पण त्यानं सगळ्या फाईली नीट ठेवल्यात.

पैसे भरायचे का? फुकटही वापरता येतं, यादी ठेवायला काही अडत नाही. पैसे भरले की बाजारभाव आपोआप दिसतात, आणि आमच्या क्लेममध्ये तोच रकाना सगळ्यात जास्त वापरला गेला, त्यामुळं ज्यांच्याकडं दहा-बाराच बाटल्या आहेत त्यांनी फुकट वापरा, ज्यांनी वाइनसाठी वेगळं कपाट केलंय त्यांनी भरा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कमी कारण सुरुवातीला ज्याला कुणी बसून शिकवत नाही त्याला ते अवघड जातं, माझ्या नवऱ्याला अजूनही खण बदलता येत नाही. कुणाला बारकोड छापताना अडलं किंवा भारतीय वाइनची नोंद सापडत नसेल तर खाली लिहा, मी भरलेल्या नोंदी आहेत त्या सांगते.